बी.एस्सी.वाल्यांनी फॉर्म भरू नये

२०१९च्या फेब्रुवारीत रत्नागिरीच्या एका कॉलेजात आठ-दहा कॉलेजांची मिळून कॅम्पस भरती होती. देवगडहून पहाटे साडेपाचच्या एसटीने निघालो. सोबत आमच्याच वाडीतला, माझ्यापेक्षा एक वर्ष पुढचा मुलगा होता. तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या. राजापूर यायच्या आधी त्याने विचारलं, "रिकर्शन म्हणजे नक्की काय गो? पेपरात येता म्हणतत."

मी म्हटलं, समज तू तिकिटाच्या रांगेत शेवटी उभा आहेस आणि तुझ्या पुढे किती माणसं आहेत ते तुला दिसत नाही. तू पुढच्याला विचारतोस, तुझ्यापुढे किती? त्यालाही माहीत नाही, तो त्याच्या पुढच्याला विचारतो. असं करत प्रश्न खिडकीपर्यंत जातो. खिडकीपाशी उभा असलेला म्हणतो, माझ्यापुढे शून्य. मग प्रत्येक जण एक मिळवत उत्तर मागे पाठवतो. रिकर्शनमध्ये प्रोग्रॅमही तसाच, तोच प्रश्न थोडा लहान करून स्वतःलाच विचारत जातो. त्याला ते पटलं. वहीत त्याने रांग काढूनसुद्धा ठेवली.

साडेनऊला कॉलेजच्या गेटवर पोचलो. टेबलावर दोन मुली यादी घेऊन बसल्या होत्या आणि मागे भिंतीवर कागद चिकटवला होता: बीई, बीटेक, एमसीए. ब्रँच कुठलीही. दहावीपासून सगळीकडे ६० टक्के. चालू केटी (राहिलेला विषय) नको. त्याखाली पेनाने लिहिलं होतं, 'बी.एस्सी.वाल्यांनी फॉर्म भरू नये.' म्हणजे माझ्याआधी कुणीतरी येऊन वाद घालून गेलं होतं.

मेकॅनिकलवाला आत गेला. मी बाहेर बदामाच्या झाडाखाली दुपारी तीनपर्यंत बसले, कारण परतीची एसटी दोघांची एकच होती. बाहेर येऊन तो म्हणाला, रिकर्शनचा प्रश्न आला होता. महिन्याभराने त्याला ऑफर आली. त्याच्यावर राग नव्हता, आजही नाही. त्याने पहिल्या वर्षाला शिकलेल्या सी भाषेच्या पलीकडे प्रोग्रॅमिंग केलं नव्हतं आणि ते तो लपवतही नव्हता. कंपनी त्याला तीन-चार महिने ट्रेनिंग देऊन सगळं शिकवणारच होती. पण ट्रेनिंग देऊन शिकवणारच असाल तर तीन वर्षं तेच शिकलेली मुलगी दारात का नको, हे मला कळेना.

खरं सांगायचं तर बी.एस्सी. चालली असती तरी मी आत गेले नसते. बारावीला मला ६५० पैकी ३८५ आहेत. टक्के ५९.२३. साठची रेघ ३९० वर होती. पाच मार्क. फिजिक्सने घात केला असं मी बरीच वर्षं सांगत असे, पण केमिस्ट्रीतही काही दिवे लावले नव्हते. इंजिनीअरिंगला न जाण्याचं कारण मात्र मार्क नव्हते. फी अधिक हॉस्टेल हा हिशेब बाबांनी एका पाटीवर मांडला आणि आम्ही दोघांनी तो पुसला. बी.एस्सी.चं कॉलेज एसटीच्या पासात होत होतं.

घरी आल्यावर बाबांना वाटलं होतं मी रडेन. मी त्यांना कागदावरचं सगळं सांगितलं. आमची हापूसची कलमं आहेत, बाबांचं अर्ध आयुष्य वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या पाठवण्यात गेलं. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाले, "गाडयेत हजार पेटये इले तर कोण एकेक आंबो चाखता? चार डझनाची काय सहा डझनाची तां बघतत आणि भाव लावतत. साको आत असलो तर तो नंतर कळता."

साका म्हणजे हापूसच्या आतला पांढरट, फोफसा भाग. बाहेरून फळ कितीही देखणं असलं तरी साका दिसत नाही, कापल्यावरच कळतो. बाबांचं बोलणं मला तेव्हा अजिबात आवडलं नाही. मला कुणीतरी 'अन्याय झाला' म्हणायला हवं होतं.

नंतर कळलं की बी.एस्सी. आणि बीसीएवाल्यांसाठी मोठ्या कंपन्यांची वेगळी दारं असतात. विप्रोची विल्प ही त्यातली जुनी: नोकरी करता करता एम.टेक. करायचं, खर्च कंपनीचा, बदल्यात काही वर्षांचा करार. मला हे कळलं तेव्हा त्या वर्षीची तारीख उलटून गेली होती. आमच्याकडे बातमी उशिरा पोचते हे रडगाणं नको, इंटरनेट होतं. पण काय शोधायचं हे सांगणारं माणूस लागतं, आणि ते पुण्या-मुंबईच्या मुलांना कट्ट्यावर फुकट मिळतं.

जूनमध्ये निकाल लागला. सीजीपीआय, म्हणजे दहापैकी सरासरी, सातच्या किंचित वर. मी दिव्याला आत्याकडे जाऊन राहिले. पावसाळ्यातली दिवा स्टेशनची गर्दी, आत्याची दहा बाय बाराची खोली आणि माझा सेकंडहँड लॅपटॉप. नोकरीच्या साइटवर फॉर्म भरताना पदवीच्या रकान्यात खाली ओढायची यादी येई. काही ठिकाणी त्यात बी.एस्सी. असे, काही ठिकाणी 'इतर'. 'इतर' निवडलं की पुढे काहीच येत नसे, नकारसुद्धा नाही. ठाण्यातल्या एका क्लासवाल्याने ४० हजारांत 'शंभर टक्के प्लेसमेंट' देऊ केली. लेखी द्याल का विचारल्यावर तो चहा मागवायला उठला.

आतेभाऊ तेव्हा मला धीर द्यायचा. तो सांगे, गुगलचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मुलाखतीत सांगून टाकलंय की भरतीसाठी कॉलेजचे ग्रेड निरुपयोगी आहेत. मी हे महिनाभर मंत्रासारखं धरून बसले. मग एकदा मूळ मुलाखत वाचली. त्यात पुढे अपवादही होता: नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत थोडासा संबंध दिसतो. म्हणजे नेमका माझाच अपवाद. हे वाक्य आतेभावाने गाळलं होतं की त्याच्यापर्यंतच पोचलं नव्हतं, देव जाणे.

शेवटी नोकरी लागली ती वागळे इस्टेटमधल्या सात माणसांच्या ऑफिसात. दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायचे. मालकाने माझा बायोडेटा हातात घेतला, उलटा टेबलावर ठेवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "या रिपोर्टची बेरीज बिलांशी एक-दोन रुपयांनी जुळत नाही. अर्ध्या तासात सांग का." जीएसटी येऊन दोन वर्षं झाली होती. मी बिलं एकेक करून पाहिली. सीजीएसटी आणि एसजीएसटी (कराचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन हिस्से) वेगवेगळे राउंड ऑफ होत होते आणि रिपोर्टात मात्र एकूण कर एकदमच काढून राउंड केला जात होता. वीस मिनिटं लागली. पगार बारा हजार. टक्के त्याने विचारलेच नाहीत, पण रुजू होताना पासिंग सर्टिफिकेटची झेरॉक्स मात्र मागितली. पदवी नसती तर घेतलं असतंत का, असं मी धीर करून विचारलं. म्हणाला, "बाहेरगावची मुलगी, काहीतरी कागद तर पाहिजे ना."

तिथे मी दिवसभर फोनवर असे. दुकानदारांच्या शिव्या आणि डेटाबेस दुरुस्त करणं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, मला कॉलेजने नाही, डोंबिवलीच्या एका मेडिकलवाल्याने शिकवलं. त्याचा स्टॉक दर शनिवारी उणे जायचा.

२०२०च्या मार्चमध्ये शिमग्याला घरी आले आणि परत जायच्या बेतात असताना लॉकडाउन लागला. ऑफिसने एप्रिलचा पगार अर्धा दिला, मेचा दिलाच नाही. इकडे झाडावर आंबा तयार होत होता आणि वाशीचा काही भरवसा नव्हता. त्या वर्षी कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पाठवल्या, त्यात आम्हीही. टेम्पोला पास काढायचा, सोसायटीच्या गेटवर पेट्या उतरवायच्या. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या, बाबा त्या वहीत लिहायचे, आणि एकाच नावाचे तीन ग्राहक कोथरूड, औंध आणि बाणेरमध्ये निघायचे.

मी पीएचपी (वेबपानाची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरून एक साधं ऑर्डरचं पान बनवलं. गाडीची तारीख, किती पेट्या शिल्लक, पिनकोड, पैसे आले की नाही. दिसायला अगदी गावठी. दोन गाड्या व्यवस्थित गेल्या. तिसऱ्या गाडीला पेट्या होत्या ४० आणि ऑर्डरी लागल्या ४३. पैसे त्रेचाळीसही जणांनी भरलेले.

रात्री कंदिलात बसून कोड वाचला (वीज गेली होती, लॅपटॉपची बॅटरी मात्र होती). माझा कोड आधी शिल्लक किती ते विचारायचा, एकापेक्षा कमी नसेल तर ऑर्डर घ्यायचा आणि मग शिल्लक एकने कमी करायचा. विचारणं आणि कमी करणं यांच्यामध्ये फट होती. गाडीची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर पडली की वीस जण एकाच मिनिटात तुटून पडायचे. दोघांनी एकाच क्षणी विचारलं की दोघांनाही 'एक शिल्लक' असं उत्तर मिळे आणि दोघेही तीच पेटी घेऊन जात.

हे मला येत होतं. डेटाबेसच्या (डीबीएमएस) पेपरात ट्रान्झॅक्शनवर दहा मार्कांचा प्रश्न मी लिहिला होता, बँकेच्या दोन खात्यांचं उदाहरण देऊन, आकृतीसकट. त्या पेपरात मला ७५ पैकी ४२ होते. उत्तर पाठ होतं, पण माझ्या अंगणात पेट्यांच्या रूपात ते येईल असं वाटलं नव्हतं. उपाय एका ओळीचा निघाला: विचारणं आणि कमी करणं एकाच अपडेटमध्ये, 'शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच एकने कमी कर' अशी अट घालून. डेटाबेसमधली एकही नोंद बदलली नाही असं उत्तर आलं की ग्राहकाला सांगायचं, गाडी भरली. त्या रात्री मी कॉलेजची जुनी वही काढून आयसोलेशनचं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या व्यवहारांनी एकमेकांत लुडबूड करू नये याचं, पान पुन्हा वाचलं. पहिल्यांदाच कळलं म्हणायला हरकत नाही.

तीन ग्राहकांची माफी मागायची होती. मी मेसेजमध्ये घडलेलं सगळं खरंखुरं लिहिलं, फट कुठे होती तेसुद्धा. दोघांनी पैसे परत घेतले. तिसरे, बाणेरचे एक काका, म्हणाले, पेटी पुढच्या गाडीने पाठव, आणि हे पान कुणी बनवलंय?

पुढच्या जानेवारीत त्यांचा मेसेज आला. त्यांच्या ओळखीच्या एका कंपनीत जागा होती. रेफरन्स मिळाला म्हणून नोकरी मिळाली असं कुणी म्हणेल तर मी भांडणार नाही. त्यामुळे एवढंच झालं की पदवीच्या रकान्यातली ती 'इतर'ची यादी मला भरावी लागली नाही. मुलाखती सगळ्यांसारख्याच चार झाल्या.

पहिली मी आमच्या मागच्या सड्यावरून, कातळी पठारावरून, दिली, कारण घरात रेंज नव्हती. वारा इतका की समोरच्याने दोनदा विचारलं, तुम्ही गाडीत आहात का. दुसरीपासून गावच्या हायस्कूलच्या संगणक कक्षाची चावी मुख्याध्यापकांकडून मागून घेतली. त्या फेरीत बायनरी ट्रीची (प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त दोन फांद्या फुटणाऱ्या झाडासारख्या रचनेची) उंची काढायला सांगितली. मला एसटीतली तिकिटाची रांग आठवली: डावीकडे विचार, उजवीकडे विचार, मोठं उत्तर घे, एक मिळव. झालं. पुढचा प्रश्न मात्र नडला. ठरावीक किमतींची नाणी दिली आहेत, एक रक्कम कमीत कमी नाण्यांत द्यायची. मी ठोकून दिलं, सगळ्यात मोठं नाणं आधी घ्यायचं. ते म्हणाले, नाणी १, ३ आणि ४ ची आहेत, रक्कम ६. माझ्या पद्धतीने चार, एक, एक अशी तीन नाणी लागली. तीन आणि तीन अशा दोनच नाण्यांत ते होतं, हे आमच्या गावच्या दुकानदारानेही सांगितलं असतं. पुढे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे लहान रकमांची उत्तरं लिहून ठेवून त्यांवरून मोठीचं काढणं, करायला हवं होतं. ते आमच्या अभ्यासक्रमात होतं की नाही आठवत नाही, माझ्या डोक्यात नव्हतं.

शेवटच्या फेरीत एकाने विचारलं, तुम्ही बनवलेलं काय मोडलं आणि तुम्ही काय केलंत? मी चाळीस आणि त्रेचाळीस पेट्यांची गोष्ट सांगितली. तो माणूस अर्धा तास त्यावरच बोलत राहिला. दोन सर्व्हर असते तर? पैसे भरता भरता नेट गेलं तर? ऑफर आली.

आणि मग कागदपत्रं. सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका. त्यांचा तपासनीस कॉलेजला पत्र पाठवून ते खरं असल्याची खात्री करून घेणार होता. टक्के कुणी पाहिले नाहीत, पण एक कागद कमी पडला असता तर ऑफर रद्द झाली असती. मी पदवी प्रमाणपत्र आणलंच नव्हतं. ते मिळवायला कोविडच्या दिवसांत मारलेल्या फेऱ्या हा वेगळाच लेख होईल.

तीन वर्षांच्या पदवीने मला नंतर एकदाच अडवलं. २०२३मध्ये कंपनीत मला अमेरिकेतल्या क्लायंटकडे पाठवायचं बोलणं चाललं होतं. एच-वन-बी व्हिसाला (तिथे जाऊन काम करायच्या परवान्याला) तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतकं शिक्षण लागतं. आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. असेल तर कमी पडणाऱ्या एका वर्षासाठी त्याच क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव धरता येतो, पण तो जुन्या नोकऱ्यांच्या पत्रांनी सिद्ध करावा लागतो. माझं वागळे इस्टेटचं ऑफिस कधीच बंद पडलं होतं आणि मालकाचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं राहू दे. आईला आनंद झाला.

२०२४च्या ऑगस्टमध्ये आमच्या टीमला एक नवीन माणूस घ्यायचं ठरलं. चाळणी माझ्याकडे आली. मी आता देवगडहूनच काम करते, रेंज घरात येते. शुक्रवारी संध्याकाळी ३४० अर्जांची शीट आली आणि सोमवारी सकाळी वीस नावं द्यायची होती. गणपती पंधरा दिवसांवर, घरात रंगकाम चालू. मी काय केलं असेल? बारावी आणि पदवी, दोन्हीकडे ६० च्या वर, असा फिल्टर लावला. ३४० चे १८७ झाले. मग बीई, बीटेक, एमसीए. ११२ झाले. दहा मिनिटं लागली असतील आणि मला फार हुशार वाटलं.

रात्री भाकऱ्या थापताना ध्यानात आलं की या शीटमध्ये माझं नाव असतं तर ते पहिल्याच चाळणीत गेलं असतं आणि त्यातून वाचलं असतं तर दुसरीत.

फिल्टर काढला. त्याऐवजी सगळ्यांना एक छोटं कोड पाठवलं, पेट्यांचंच, तीच फट ठेवून, आणि विचारलं यात काय चुकलंय. दोनशेच्या वर उत्तरं आली. त्यातली दीडशे जवळजवळ सारखी, त्याच तीन मुद्द्यांची, त्याच नम्र इंग्रजीत. चॅटजीपीटीने सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं. २०२१ मध्ये जी परीक्षा माझ्या बाजूने होती ती तीन वर्षांत निकामी झाली होती. गुणपत्रिकेवर निदान शिक्का तरी असतो, असा विचार मनात येऊन गेला आणि मी तो झटकला नाही.

शेवटी वेगळी उत्तरं देणाऱ्या चाळीस जणांना दहा-दहा मिनिटं फोन केले. शनिवार, रविवार, आणि सोमवार मागून घेतला. दुसऱ्या क्रमांकावर वेंगुर्ल्याचा एक बी.कॉम. होता. वडिलांच्या होडीच्या डिझेलचा आणि मासळीच्या लिलावाचा हिशेब ठेवायला त्याने अ‍ॅप लिहिलं होतं आणि ते कुठे कुठे फसलं हे त्याला तोंडपाठ होतं. मला तो हवा होता. पण या कामाच्या क्लायंटच्या करारात लिहिलं होतं की नेमलेल्या माणसाकडे संगणक किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. मी दोनदा वर विचारून पाहिलं. नाही म्हणाले. त्याला मी स्वतः फोन करून खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माका येता, पण चालत नाय." पुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

पहिल्या क्रमांकावर चिपळूणची एक मुलगी होती. बीई कॉम्प्युटर, सीजीपीआय ९.२. मी तिचा फोन मुद्दाम शेवटी ठेवला होता, पुस्तकी असणार म्हणून. तिला नाण्यांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, मोठं नाणं आधी घेतलं तर नेहमी बरोबर येणार नाही, आणि मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच १, ३, ४ सारखं उदाहरण रचून दाखवलं. मग कुठली कागदी गणितं तिच्या प्रोजेक्टमध्ये मोडली तेही सांगितलं, हसत. मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. तिला घेतलं. ती उत्तम काम करते.

गणपतीच्या आदल्या दिवशी माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधताना बाबांनी विचारलं, मिळालं का माणूस? मी चिपळूणच्या मुलीचं सांगितलं.

"त्या चेडवाक किती टक्के होते?"

"नऊ पॉइंट दोन. टक्के नाय, सीजीपीआय."

"आणि बारावीक?"

"मी बघूक नाय," मी म्हटलं. खरंच पाहिले नव्हते. शीटमधला तो रकाना मी लपवून ठेवला होता. काढून टाकलेला नाही, पुढच्या भरतीला पुन्हा ३४० अर्ज आले तर हाताशी असावा म्हणून.